शेजार उठवलास ना?

प्रश्न : माथेरानला माकडाचं एवढंसं पिल्लू फांदीवरून उड्या मारताना पाहिलं. माझी नात नऊ महिन्यांची, अजून पलंगाला धरूनच उभी राहते. मेंदूतल्या ‘आधार पेशी’ न्यूरॉनच्या, म्हणजे चेतापेशींच्या, वाढीचा वेग ठरवतात, असं वाचनात आलं. मग माणसाच्या आधार पेशीच मंद म्हणायच्या का?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, ही शर्यत मुळातच बरोबरीची नाही. माथेरानच्या माकडाचा चुलतभाऊ ऱ्हीसस जन्मतो तेव्हा त्याचा मेंदू सुमारे दोन-तृतीयांश वाढलेला असतो. चिंपांझीचा ४० टक्के, आणि आपल्या बाळाचा जेमतेम ३० टक्के.

आता आधार पेशी. १८५६मध्ये जर्मन वैद्य फिर्खो यांनी त्यांना ‘ग्लिया’, म्हणजे सरस, असं नाव दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पीएचडी करताना मीही त्यांना भरताडच समजायचे. उंदराच्या पिल्लाचे न्यूरॉन बशीत वाढवताना ग्लियाची गर्दी होऊ नये म्हणून एक औषध घालतात. ते मी एकदा घाईने दोन दिवस आधीच घातलं. आठवड्याने बघते तर न्यूरॉन जिवंत, पण मरगळलेले, जोडण्या नावापुरत्या. आमच्या गाईड बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि एवढंच विचारलं, “शेजार उठवलास ना?”

शेजार म्हणजे ग्लिया. बाईंचं बोलणं मोजून दाखवलेलं होतं. २००१मध्ये स्टॅनफर्डच्या बेन बॅरेस यांच्या गटाने उंदराच्या डोळ्यातले न्यूरॉन एकदा एकटे आणि एकदा ॲस्ट्रोसाइट या ताऱ्यासारख्या आधार पेशींसोबत वाढवले. सोबत मिळाली तेव्हा जोडण्या सुमारे सातपट झाल्या.

म्हणून सगळा वेग शेजारीच ठरवतात असं मात्र नाही. २०१९मध्ये बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी माणसाचे न्यूरॉन उंदराच्या मेंदूत रुजवले. आजूबाजूला सगळा उंदरांचा शेजार, तिथले न्यूरॉन काही आठवड्यांत तयार होणारे. पाहुणे मात्र महिनोन् महिने आपल्याच चालीने वाढत राहिले. न्यूरॉन आपलं घड्याळ सोबत घेऊनच येतो. शेजारी त्याला खतपाणी घालतात. माझं मत विचाराल तर घड्याळाचं पारडं जड.

आणि तो ‘मंद’ शब्द. माणसाचा ॲस्ट्रोसाइट उंदराच्यापेक्षा अडीच पटींहून जास्त रुंद असतो. २०१३मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला माणसाच्या ग्लियाच्या पूर्वज पेशी (ज्यांच्यापासून ग्लिया बनतात त्या) उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत सोडल्या. ते उंदीर मोठे झाल्यावर इतर उंदरांपेक्षा लवकर शिकू लागले. तेव्हा शब्द मागे घ्या, आजी.