घरच्यासाठी ट्रॉली जॅक कोणता घ्यावा?

प्रश्न : माझ्याकडे वॅगन आर आहे. वर्षातून दोन-तीनदा चाकं अदलाबदल करतो, ब्रेक पॅड बघतो. गाडीबरोबर आलेला कात्रीचा जॅक फिरवून हात भरून येतात. ३ टनी ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा, तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक जॅक) घ्यावा का? अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत.

उत्तर : ३ टनी कशाला? तुमची गाडी साडेआठशे किलोच्या आसपास, आणि तुम्ही एका वेळी एकच कोपरा उचलणार. २ टनी पुष्कळ झाला. टनापेक्षा उंची बघा. हवा गेलेल्या टायरवर गाडी बसलेली असताना जॅक गाडीखाली सरकला पाहिजे, आणि वर चाक मोकळं होईपर्यंत पोचला पाहिजे. टेप घेऊन दुकानात जा.

तुमच्या पेव्हरची मला जास्त काळजी वाटते. जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. म्हणून उचलताना त्याची चाकं थोडी घरंगळावी लागतात. ती फटीत अडकली की गाडीला टेकलेली वरची वाटी गाडीखालून निसटू लागते. माझी अशीच निसटली होती. दाराखालच्या पट्टीचा पत्रा चेपला, बायको आठवडाभर हसत होती. तेव्हापासून खाली जाड प्लायवूडचा तुकडा टाकतो.

वाचलेल्या पैशांत जॅक स्टँडची (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्यांची) जोडी घ्या. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी दगा देईल सांगता येत नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. आणि हो, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून ठेवा.