हप्त्याचा मेसेज आणि मंदक्रोध

इंदूर

चि.,
प्रभूच्या नावात सलाम.

दादासाठी तू तुझ्या नावावर कर्ज काढलंस. चार महिने हप्ते तूच भरतोयस, आणि तो दर रविवारी गायनमंडळात पहिल्या रांगेत उभा राहून गातो. ‘मला राग येतो, हे पाप आहे का?’ असं विचारलंयस. नाही. राग देवालाही येतो. निर्गम 34:6 मध्ये तो मोशेला स्वतःची ओळख करून देतो, तिथे आपल्या मराठी शास्त्रात ‘मंदक्रोध’ हा शब्द आहे. इब्रीत नाक आणि राग यांना शब्द एकच. मंदक्रोध म्हणजे शब्दशः ‘लांब नाकाचा’. आपण म्हणतो ना, याचा राग अगदी नाकावर असतो, त्याच्या बरोब्बर उलट. राग आहे, पण बाहेर यायला वेळ घेणारा.

तुला पैशापेक्षा जास्त सलतंय ते दादाचं बरं चाललंय हे. योना संदेष्ट्याचंही हेच दुखणं होतं. निनवे या वैऱ्यांच्या शहरावर देवाने दया केली म्हणून तो संतापला, आणि निर्गमातलं तेच ‘मंदक्रोध’ त्याने देवाला तक्रारीसारखं ऐकवलं (योना 4:2). देव त्याला दटावत नाही, विचारतो: तुझं हे रागावणं योग्य आहे का? तूही हे देवापाशी उघड बोल. स्तोत्र 13 मोठ्याने वाच. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोन वचनांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चारदा येतो.

मग वही घे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.’ सोडायचं तर आधी ते किती आहे हे कळायला हवं. ‘दादा लबाड आहे’ हे ऋण नव्हे, ती शिवी झाली. ‘6,200 रुपयांचे चार हप्ते, एकूण 24,800’ हे ऋण. ‘आईसमोर मला खोटं पाडलं’ हेही ऋण, त्याची तारीख लिही. विशेषणं खोडून टाक. घाईने ‘जाऊ दे’ म्हणणाऱ्यांचं इथेच चुकतं: काय जाऊ दिलं हे त्यांनाच ठाऊक नसतं, आणि नाताळच्या फराळाला बसल्यावर सगळं पुन्हा वर येतं.

मत्तय 18 मधला हिशेब त्या वहीशेजारी मांडून बघ: राजाने एका चाकराचं सगळं देणं सोडलं, पण त्या चाकराने आपल्या सोबत्याचं सोडलं नाही. मूळ ग्रीकमध्ये पहिल्या चाकराचं देणं 10,000 तलांत आहे. एक तलांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक रोज. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरलं तरी 2 लाख वर्षं. सोबतीच्या चाकराचं देणं 100 दिनार, जवळपास चार महिन्यांची मजुरी. उपदेशात ही रक्कम नेहमी ‘क्षुल्लक’ म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. गरिबाचे चार महिने क्षुल्लक नसतात. प्रभूने तुझं नुकसान लहान केलेलं नाही, त्याच्या शेजारी तुला माफ झालेलं ऋण ठेवलंय.

आता एकेका ओळीवर बोट ठेवून म्हण, ‘प्रभू, हे सोडतो.’ जी ओळ आज सुटत नाही तिच्यापुढे फुली मार आणि तसं त्याला सांग. दर महिन्याला हप्त्याचा मेसेज येईल, तेव्हा सुटलेली ओळही पुन्हा सलेल. याचा अर्थ क्षमा खोटी होती असा नाही. ‘साताच्या सत्तर वेळा क्षमा कर’ असं प्रभू सांगतो, यात एकाच घावाला पुन्हा पुन्हा क्षमा करणंही येतं, असं मी समजतो.

दादाशी बोलायचंच आहे, पण एकांतात. मत्तय 18:15 तेच सांगतं. उपासनेनंतर चर्चच्या आवारात नको, आणि छप्पन दुकानच्या गर्दीत तर नकोच. त्याने मागितली नसताना ‘मी तुला माफ केलं’ म्हणू नकोस, ऐकणाऱ्याला तो आरोपच वाटतो आणि भांडण तिथूनच पेटतं. फक्त काय झालं ते सांग, आकडा सांग, आणि गप्प राहा. ही गप्प बसायची वेळ फार जड जाते.

क्षमा केली म्हणजे पुन्हा सही करायची, असं मात्र नाही. योसेफाला भावांनीच विकलं होतं; पुढे मिसरात त्यांना पाहून तो आडबाजूला जाऊन रडला, तरी ओळख लगेच दिली नाही. धाकट्या बन्यामिनाच्या जागी स्वतः गुलाम राहायला भाऊ यहूदा तयार झाला, तेव्हा दिली. आणि त्यानंतर त्यांचा बाप याकोब 17 वर्षं मिसरात जगला. तो वारल्यावर ते भाऊ पुन्हा भ्यायले, योसेफ आता सूड घेईल म्हणून. क्षमा मिळालेल्यालाही ती खरी वाटायला इतका काळ लागतो. दादा ओशाळून तुला टाळत असेल, तर हे लक्षात ठेव.

कर्ज तुझ्या सहीचं आहे, बँक तुलाच धरणार. हप्ता चुकवू नकोस, सिबिल बिघडेल. बँकेतून पूर्ण स्टेटमेंट काढून घे, आणि दादाकडे जाताना तेवढाच कागद ने. वही घरी ठेव.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारा,
काका