वाफेच्या जमान्यात शिडाचं पोलादी जहाज बांधलं कशाला?

तुमचा प्रश्न असा, की सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइड स्ट्रीट धक्क्यावरचं 'बॅल्क्लुथा' 1886 सालचं. तेव्हा आगबोटी असताना शिडाचं मालवाहू जहाज कुणी का बांधलं, आणि ते भंगारात कसं गेलं नाही?

बांधण्याचं कारण कोळसा. 1869 साली सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईचा व्यापार आगबोटींनी झपाट्याने ओढून घेतला. वाट जवळची, मध्ये कोळशाची ठाणी. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालणाऱ्या लांबच्या वाटेवर मात्र आगबोटीला पोटातली बरीच जागा स्वतःच्याच कोळशाला द्यावी लागे. वाऱ्याला पैसे पडत नव्हते, आणि गव्हाच्या पोत्यांना पोचायची घाई नव्हती. ग्लासगोत बांधलेलं हे जहाज 1887 मध्ये कार्डिफचा कोळसा घेऊन 26 माणसांनिशी निघालं आणि 140 दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोला लागलं. परतीला कॅलिफोर्नियाचा गहू. केप हॉर्नला त्याने 17 वेळा वळसा घातला. 1899 साली भारताहून सॅन फ्रान्सिस्कोला येताना कप्तानाच्या बायकोला जहाजावरच मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं इंडा!

टिकण्याचं श्रेय मी सामन माशाला देतो. 1904 मध्ये जहाज अलास्काजवळ खडकांवर चढलं. डबाबंद मासे विकणाऱ्या अलास्का पॅकर्स कंपनीने ते पडल्या जागी 500 डॉलरला घेतलं, दुरुस्त केलं आणि नाव ठेवलं 'स्टार ऑफ अलास्का'. वसंतात कामाला माणसं अलास्काला न्यायची, हंगाम संपला की मासे आणायचे, उरलेलं वर्ष नांगरून ठेवायचं. महागडी आगबोट अशी बसवून ठेवणं कुणाला परवडणार? आता त्याच जहाजात 200 च्या वर माणसं कोंबलेली असत. मधल्या डेकवर चिनी कामगारांच्या फळ्यांच्या बाकड्यांची दाटी, आणि मागच्या बाजूला कप्तानाची पॉलिश केलेली लाकडी बैठक. जहाज बघायला गेलात तर या दोन्ही जागा एकाच खेपेत बघा. नुसत्या डोलकाठ्या बघून परत फिरू नका.

1930 ला ती नोकरीही संपली. मग 'पॅसिफिक क्वीन' या नावाने गावोगावच्या बंदरांत तिकीट लावून ते लोकांना दाखवत, आणि हळूहळू ते गंजत गेलं. शेवटी 1954 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सागरी संग्रहालयाने 25,000 डॉलरला घेतलं. तिथल्या कामगार संघटनांच्या माणसांनी पदरची मेहनत घालून ते उभं केलं, आणि जुनं नावही परत दिलं.