माळ्यावरचा डबा आणि साठ पानांचा डाव

ट्रेडिंग कार्डांच्या खेळाकडे पुन्हा वळलेल्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यातल्या पाच पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझी शाळेतली दीडेकशे पोकेमॉन कार्डं सापडली. गठ्ठ्यांना रबर लावलेले आहेत. ही खरी आहेत की नकली, हे कसं ओळखायचं? विकावीत का?
*– एक वाचक, परळ*

आधी रबर काढा, पण ओढून नाही. जुना रबर उन्हाळ्यात वितळून कडेला चिकटतो. तो कात्रीने कापा, मग सुटेल तेवढाच भाग बोटाने अलगद गुंडाळत काढा. पाणी, स्पिरिट, खोडरबर यांपैकी काहीही कार्डाला लावू नका. चष्मा पुसायच्या मऊ कापडाने कोरडंच पुसा.

आता खरं-खोटं. आपल्याकडे त्या काळात स्थानिक छापाची कार्डं भरपूर विकली गेली, त्यामुळे एकाच डब्यात दोन्ही सापडली तर नवल वाटू देऊ नका. कार्ड उलटं करा. मागच्या इंग्रजी नावात ‘ई’ या अक्षरावर तिरकी रेघ हवी. नकली कार्डावर ती बरेचदा नसते आणि निळा रंग फिका किंवा जांभळट असतो. पुढच्या बाजूला एचपी (पोकेमॉन किती मार सोसतो तो आकडा) चार आकडी असेल तर पुढे तपासायची गरजच नाही, तसं खरं कार्ड निघालेलंच नाही. सोनेरी प्लास्टिकची, पन्नासच्या वर पानांच्या गठ्ठ्यात मिळणारी कार्डंही सरसकट नकलीच.

मग मोबाइलचा टॉर्च कार्डाच्या मागे धरा. खऱ्या कार्डाच्या दोन कागदांमध्ये काळा थर असतो, त्यामुळे प्रकाश फारसा आरपार येत नाही. नकली कार्ड कंदिलासारखं उजळतं. शंका राहिलीच तर दहापट भिंगाखाली काळी अक्षरं पाहा. खऱ्या छपाईत ती सलग काळी असतात, स्कॅन करून छापलेल्या कार्डात अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात.

कार्डाच्या तळाशी बारीक ओळ असते. तिथे १९९९ आणि ‘विझर्ड्स’ हे नाव असेल तर ते इंग्रजी कार्डांच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं. त्या कंपनीने २००३पर्यंत ही कार्डं काढली. मात्र नकली छापणाऱ्यांनी ही ओळही उचललेली असते, म्हणून वरच्या चाचण्या आधी करा. क्रमांकाजवळचं गोल चिन्ह म्हणजे सर्रास मिळणारं कार्ड, पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे जरा कमी मिळणारं, चांदणी म्हणजे दुर्मीळ.

विकण्याबद्दल आमचं स्पष्ट मत: घाई नको. रबराने कडा दबलेल्या कार्डाची किंमत आधीच उतरलेली असते. ती पाहायचीच झाली तर विक्रेता काय मागतो ते पाहू नका, तसंच कार्ड प्रत्यक्षात कितीला गेलं ते पाहा.

आम्ही तीन मित्र पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा खेळायला बसलो. जुन्या कार्डांचे साठ-साठ पानांचे डेक लावले, पण दर डावात कोणाच्या तरी हातात सुरुवातीला बेसिक पोकेमॉनच येत नाही. पिसण्यात चूक होतेय का?
*– मुलुंड*

पिसण्यात नाही, डेकमध्येच चूक आहे. लहानपणी प्रत्येकाला वरच्या पायरीचा चारिझार्ड हवा होता, ज्याच्यापासून तो घडतो तो बेसिक, म्हणजे थेट खाली टाकता येणारा चारमँडर कोणालाच नको होता. तेच गठ्ठे आता डेक होऊन समोर आलेत: वरच्या पायरीची पानं ढीगभर, पायाची पानं चार.

हिशेब मांडून पाहू. साठ पानांत बेसिक पोकेमॉन ४ असतील, तर पहिल्या सात पानांत एकही न येण्याची शक्यता जवळजवळ ६० टक्के असते. ८ असतील तर ३५ टक्के, १२ असतील तर १९ टक्के. बेसिक आला नाही की हातातली पानं दाखवून पुन्हा पिसावं लागतं आणि समोरच्याला एक जादा पान घेता येतं. म्हणजे डाव सुरू होण्याआधीच तुम्ही मागे पडता.

चारिझार्डभोवतीच डेक लावायचा असेल तर ४ चारमँडर, २ चारमेलियन, ३ चारिझार्ड आणि इतर बेसिक ८ घ्या. झाले १७. मूळ एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारी शक्तीची पानं) ११. उरलेली ३२ ट्रेनर कार्डं (मदतीची पानं), त्यात ४ रेअर कँडी. रेअर कँडीमुळे मधली पायरी गाळून चारमँडरवरून थेट चारिझार्डवर जाता येतं, म्हणून चारमेलियन दोनच पुरतात. ट्रेनरमध्ये पानं ओढून देणारी आणि पोकेमॉन शोधून देणारी कार्डं मिळून निम्म्याच्या आसपास ठेवा. एनर्जी वीस-वीस भरायची लहानपणची सवय सोडा, त्याने हात नुसत्या एनर्जीने भरतो. एकाच नावाची चारपेक्षा जास्त पानं चालत नाहीत, मूळ एनर्जीला ही मर्यादा नाही. ज्या पानावर अख्खा डाव उभा आहे ते एकच ठेवू नका. साठातली सहा पानं बक्षीस म्हणून बाजूला पालथी जातात, त्यामुळे दर दहा डावांत सरासरी एकदा ते तिथे अडकणारच.

विसरले जाणारे नियमही पाहून घ्या. पहिला खेळणारा पहिल्या पाळीत हल्ला करू शकत नाही आणि सपोर्टरही (ट्रेनर कार्डांतला एक प्रकार) टाकू शकत नाही. एका पाळीत हातातून एकच एनर्जी लावायची, सपोर्टरही एकच. पोकेमॉन ज्या पाळीत खाली आला त्याच पाळीत त्याला उत्क्रांत करता येत नाही. जुन्या प्रोफेसर ओकच्या कार्डावर पाळीला एकच अशी अट नव्हती, हातातली पानं टाकून सात पानं पुन्हा-पुन्हा ओढता येत. म्हणून जुनी आणि नवी कार्डं मिसळली की भांडणं होतात. घरी खेळताना एकच काळ ठरवून घ्या.

स्पर्धेला जायचं असेल तर कार्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातलं अक्षर पाहा. दर वर्षी जुनी अक्षरं बाद होतात, जुन्या कार्डांवर तर ते अक्षरच नाही. मूळ एनर्जी मात्र कितीही जुनी चालते. तुमच्या जुन्या गठ्ठ्यातली तेवढी तरी थेट मैदानात उतरेल.

पाकिटं फोडण्यात बराच पैसा गेला, हवं ते कार्ड मात्र मिळत नाही.
*– बोरिवली*

एका पाकिटात साधारण १० कार्डं, पेटीत ३६ पाकिटं. एका ठरावीक कार्डासाठी पेटीही पुरेल याची खात्री नाही. खेळायला हवं असलेलं कार्ड सुटं विकत घ्या, नेहमीच. सुरुवात साठ पानांच्या दोन तयार बॅटल डेकने करा: एक तुमच्यासाठी, एक समोरच्या भिडूसाठी. पाकीट फोडण्याची मजा खरी आहे, पण तिचा महिन्याचा आकडा आधी ठरवा. सुटी पाकिटं घेताना वरची-खालची दाबलेली किनार बघा. ती वाकडी असेल, गोंदाचे डाग असतील तर पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं असू शकतं.

पावसाळ्यात माझी चमकणारी कार्डं होडीसारखी वळतात. वर्सोव्याला समुद्राजवळ राहतो. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत.
*– वर्सोवा*

गोळ्या आजच काढा. त्यांच्या वाफेने प्लास्टिकची कव्हरं मऊ पडून चिकट होतात.

कार्ड वळतं ते दोन थर वेगवेगळे वागतात म्हणून. कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो, चकाकीची झिल्ली फुगत नाही. म्हणून कडा चित्राच्या बाजूला वर उचलल्या जातात. वरून पुस्तकांचं वजन ठेवून हे बरं होत नाही, कारण ओलावा आतच राहतो.

हवाबंद डबा घ्या, स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचाही चालेल. त्यात सिलिका जेल आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५ ते ५० टक्क्यांवर राहायला हवा. केशरी दाण्यांचं जेल घेतलंत तर ओलं झाल्यावर ते हिरवं दिसतं, मग ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर सुकवून पुन्हा वापरता येतं. जास्त जेल भरू नका. हवा फार कोरडी झाली की कागद आकसतो आणि कार्ड उलट्या बाजूला वळतं. वळलेलं कार्ड डब्यात ठेवून दर काही तासांनी पाहा, सपाट झालं की कव्हरमध्ये घाला.

पोकेमॉन आणि ‘मॅजिक’ या दुसऱ्या खेळाची कार्डं ६३ × ८८ मिलिमीटरची असतात, त्यांना ६६ × ९१ची कव्हरं लागतात. यू-गी-ओ या तिसऱ्या खेळाचं कार्ड जरा लहान, ५९ × ८६, त्याला ६२ × ८९. मोठ्या कव्हरात लहान कार्ड हलत राहतं आणि कोपरे झिजतात. अल्बम पीव्हीसीचा नको, पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. नव्या प्लास्टिकचा उग्र वास येणारी मऊ पानं बहुधा पीव्हीसीची असतात, काही वर्षांत ती कार्डाच्या चकाकीला चिकटतात. गोल रिंगची फाइलही टाळा, पहिल्या रांगेतल्या कार्डांवर रिंगचा वळ उठतो. कपाट बाहेरच्या भिंतीला किंवा बाथरूमच्या भिंतीला टेकलेलं असेल तर डबा दुसरीकडे हलवा. भुरी आलेलं कार्ड लगेच वेगळं ठेवा.

माझ्याकडे कुस्तीवीरांची ट्रम्प कार्डं आहेत, बरीच हरवलीत. आठ वर्षांच्या भाच्याबरोबर खेळता येईल का?
*– गिरगाव*

नक्की. पानं सम संख्येत घ्या, हरवलेल्यांनी काही अडत नाही. सारखी वाटा, गठ्ठा हातात धरा, फक्त वरचं पान पाहायचं. ज्याचं राज्य त्याने वजन, उंची, चेस्ट, बायसेप्स यांपैकी एक आकडा पुकारायचा, मोठा आकडा दोन्ही पानं नेतो. रँकला उलटं, लहान आकडा जिंकतो. हे भाच्याला आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच डावात रुसवा ठरलेला. बरोबरी झाली तर पानं मधे ठेवा, पुढचा जिंकणारा ती घेईल. जवळजवळ प्रत्येक आकड्यात सरस असणारी दोन-तीन पानं काढून ठेवलीत तर कोणता आकडा पुकारायचा याचा त्याला विचार करावा लागेल. लॅमिनेशन करू नका, पानं जाड आणि निसरडी होतात, पिसता येत नाहीत. ट्रम्प कार्डांचे आकार एकसारखे नसतात, म्हणून एक पान पट्टीने मोजूनच कव्हरं आणा.