प्रॉमची फुलं: रंगाच्या आधी बाह्या विचारा

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा बारावीत आहे, मे अखेरीस त्याची प्रॉम, म्हणजे शाळेची नाचाची पार्टी. ज्या मुलीबरोबर जातोय, तिच्यासाठी मनगटावरचं कोर्साज (फुलांचा छोटा गुच्छ) त्यानं आणायचं आणि त्याच्या कोटाला लावायचं फूल, म्हणजे बूटनिअर, ती आणणार, असं ठरलंय. तिचा गाऊन गडद हिरवा आहे. चिरंजीव म्हणतात, निळे गुलाब घेऊ. फुलं कुठली घ्यावीत, ऑर्डर कधी द्यावी, फ्रिजमध्ये ठेवली तर चालतील का?

उत्तर: निळे गुलाब नकोत. दुकानातला तो भडक निळा गुलाब रंगवलेला असतो. नाचताना घाम आला की रंग सुटतो आणि गाऊनला लागतो.

मी इथेच फुलांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक आलं की मी रंगाआधी बाह्यांचं विचारते, तेच तुमच्या मुलानं त्या मुलीला विचारावं. लांब बाह्या असतील तर मनगटावरचा गुच्छ कापडात अडकतो. खांद्याला बारीक पट्ट्या असतील तर पिनेनं लावायच्या कोर्साजचा भार त्यांना पेलत नाही, रेशमाला भोकं पडतात ती वेगळीच. बाह्या नसतील तर मनगटच बरं. ती कुठल्या हातात घड्याळ किंवा ब्रेसलेट घालणार आहे, तेही विचारून घ्या. इलॅस्टिक काचत असेल तर रिबिनीनं बांधायचं करून मिळतं.

आता फुलं. कोर्साज करताना आम्ही फुलाचा देठ अगदी फुलाजवळ छाटतो, पाकळ्यांखालच्या हिरव्या गाठीतून बारीक तार आरपार घालतो आणि वरून टेप गुंडाळतो. तिथून पुढे त्याला पाणी नाही. पाकळ्यांत साठलेल्या ओलाव्यावर त्यानं रात्र काढायची असते. म्हणून छोटे स्प्रे गुलाब, कार्नेशन, डेंड्रोबियम ऑर्किड, वॅक्सफ्लॉवर ही काटक मंडळी घ्यावीत. हायड्रेंजिया फोटोत देखणा दिसतो, पण पाण्याविना लगेच मान टाकतो. गार्डेनियाला घमघमाट सुंदर, पण बोट लागलं तिथे पाकळी तपकिरी पडते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या हाती तो देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

गडद हिरव्यावर मी क्रीम रंगाचे स्प्रे गुलाब आणि गाऊनच्या हिरव्याशी जुळणारी रिबीन देईन. फुलं कपड्याच्या रंगाची करायला गेलं की ती त्यातच हरवतात. रंग मात्र फोनवरच्या फोटोवरून ठरवू नका. गाऊनची उंची कमी करून घेतली असेल तर खालची कापलेली पट्टी उरते, ती मागून घ्या आणि दुकानात दाखवा.

ऑर्डर किमान दोन आठवडे आधी द्या. मे महिन्याचा दुसरा रविवार मदर्स डे, त्याच्या मागेपुढे प्रॉमचा हंगाम. ऐन वेळी आलेल्याला उरलेल्या फुलांवर भागवावं लागतं.

गुलाबाचं किंवा कार्नेशनचं कोर्साज डबीसकट फ्रिजमध्ये ठेवा, मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे ते गोठतं. त्या दिवशी सफरचंदं आणि केळी फ्रिजबाहेर काढा. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशन त्यानं मिटून जातं. ऑर्किड असेल तर फ्रिज नकोच, पाकळ्यांवर डाग पडतात. घरातला थंड कोपरा पुरतो.

बूटनिअर डाव्या लॅपलवर (कोटाच्या दुमडलेल्या कॉलरपट्टीवर), देठ खाली. पीन लॅपलच्या मागून घालून देठातून काढायची आणि टोक पुन्हा मागेच न्यायचं, म्हणजे समोरून काही दिसत नाही. आदल्या दिवशी पेनाचं टोपण घेऊन मुलाला दोनदा करून दाखवा. कोट भाड्याचा असेल तर लोहचुंबकाचं बूटनिअर मागा, भोक पडत नाही. पेसमेकर असलेल्या माणसानं मात्र ते लावू नये.

प्रश्न: मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यात जाणार आहे, जोडीदार नाही. कोर्साजऐवजी मनगटावर गजरा बांधला तर विचित्र दिसेल का?

उत्तर: अजिबात नाही, अवश्य बांधू दे. जोडीदारानंच फुलं आणावीत असा काही नियम नाही; हल्ली मैत्रिणी एकमेकींसाठीही करून घेतात. फक्त मोगरा फोटोंपर्यंत टवटवीत राहील, नाच संपेपर्यंत तपकिरी पडेल. रात्रभर टिकायला हवा असेल तर दुकानात स्टेफानोटिस मागा. पांढरी, जाड पाकळ्यांची, चांदणीसारखी फुलं, वासही मंद गोड. ती सगळी दुकानं ठेवत नाहीत, तेव्हा आधी फोन करून विचारा.