‘आयव्हस’चे ७२ हजार विमा कंपनीने कापले, भांडायचं कुणाशी?

प्रश्न : माझ्या बाबांची (वय ६७) खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली. बिल ४ लाख ८६ हजार. विमा कंपनीने त्यातले ‘आयव्हस’चे (धमनीच्या आतून केलेल्या सोनोग्राफीचे) ७२ हजार नाकारले. कारण दिलं, ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हतं, अँजिओग्राफी पुरेशी होती.’ पैसे मावशीकडून उसने घेऊन भरले. रात्री सही केलेल्या संमतिपत्रात आयव्हसचा उल्लेखच नव्हता. डॉक्टरांनी उगाच बिल वाढवलं का? रुग्णालयावर केस करू का?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेले कागद दोनदा वाचले. रुग्णालयावर केस करू नका. ज्या डॉक्टरांवर तुमचा संशय आहे, तेच या प्रकरणात तुमचे सर्वांत मोठे साक्षीदार आहेत.

डिस्चार्ज समरीच्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे : ‘आयव्हस गायडेड पीसीआय टू लेफ्ट मेन–एलएडी’. म्हणजे आयव्हसने बघत लेफ्ट मेन आणि तिची शाखा एलएडी यांत केलेली अँजिओप्लास्टी. सगळं प्रकरण या एका ओळीवर उभं आहे. लेफ्ट मेन म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त पुरवणारी मुख्य धमनी. अँजिओग्राफीत रक्त वाहतं त्या पोकळीची फक्त सावली दिसते. भिंतीत कॅल्शियम किती, धमनी मुळात किती रुंद, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) भिंतीला नीट टेकला की मध्ये फट राहिली, हे ती खात्रीने सांगू शकत नाही. आयव्हसमध्ये जेमतेम एक मिलिमीटर जाडीची सोनोग्राफीची नळी थेट धमनीत जाते आणि प्रक्रिया चालू असतानाच धमनीचा गोल छेद पडद्यावर दिसतो. कॅल्शियम असेल तिथे पांढरी चमकती कड, तिच्यामागे काळी सावली. ते बघून डॉक्टर स्टेंटचा आकार ठरवतात, कमी फुगला असेल तर फुगा पुन्हा फुगवतात.

‘आवश्यक उपचार’ कशाला म्हणायचं, याची व्याख्या विमा नियामकाने (आयआरडीएआय) ठरवून दिली आहे आणि ती तुमच्या पॉलिसीत छापलेली आहे. उपचार डॉक्टरांनी सांगितलेला हवा, सुरक्षित आणि योग्य उपचारासाठी लागतो त्यापेक्षा जास्त नको, आणि भारतातल्या किंवा आंतरराष्ट्रीय वैद्यकीय क्षेत्रात मान्य असलेल्या पद्धतीला धरून हवा. या शेवटच्या मुद्द्यावर तुमची बाजू भक्कम आहे. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत लेफ्ट मेनसारख्या गुंतागुंतीच्या अडथळ्यांसाठी आयव्हस किंवा ओसीटीची (प्रकाशाने धमनी आतून बघण्याची अशीच पद्धत) शिफारस सर्वांत वरच्या श्रेणीत आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण कोरियातल्या १,६३९ रुग्णांच्या अभ्यासात हृदयविकाराने मृत्यू, त्याच धमनीमुळे हार्ट अटॅक किंवा तिथेच पुन्हा प्रक्रिया, यांचं एकत्रित प्रमाण नुसत्या अँजिओग्राफीवर १२.३ टक्के होतं, इमेजिंगच्या मदतीने ७.७ टक्के. साध्या, छोट्या अडथळ्यासाठी आयव्हस वापरलं असतं, तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं.

संमतीचं म्हणाल, तर समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने तपासणीची संमती घेऊन शस्त्रक्रिया करणं चूक ठरवलं. तुमच्याकडे संमती अँजिओप्लास्टीचीच होती आणि आयव्हस त्याच प्रक्रियेत बघण्याचं साधन होतं. खर्च आधी सांगितला नाही, हा तुमचा राग रास्त आहे. पण त्यावर दावा उभा राहील असं मला वाटत नाही.

आता कामाचं. रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन प्रोसिजर नोट (प्रक्रियेत काय केलं याची डॉक्टरांची नोंद) आणि आयव्हसच्या चित्रफितीची सीडी मागा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार कागद ७२ तासांत द्यावे लागतात. हृदयरोगतज्ज्ञांना भेटा, चिडून नको, आणि आयव्हस का लागलं याचं लेटरहेडवर चार ओळींचं पत्र घ्या. (बिल हातात आहेच, तर स्टेंटची किंमत, ब्रँड आणि बॅच नंबर वेगळे लिहिलेत का तेही बघा. ते बंधनकारक आहे.)

मग विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. रक्कम कापताना पॉलिसीतलं नेमकं कलम सांगणं आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीवर बंधनकारक आहे. तुम्हाला आलेल्या पत्रात कलमाचा पत्ता नाही. तेच आधी विचारा.

महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर विमा लोकपालांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइनही तक्रार करता येते. नकारापासून एक वर्षाची मुदत असते. पॉलिसी बाबांच्या नावावर आहे, तेव्हा सही त्यांचीच लागेल. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. तिथे जमलं नाही, तर ग्राहक आयोग आहेच, दोन वर्षांच्या आत. मात्र आयोगात आधी गेलात, तर लोकपालांचं दार बंद होतं, म्हणून हा क्रम मोडू नका.

आणि ती सीडी आणि डिस्चार्ज समरी मूळ स्वरूपात कुणालाही देऊ नका. कंपनीचा माणूस घरी आला, तरी झेरॉक्सच द्या आणि पोच घ्या.