सार्वजनिक मानव्यविद्यांवर राष्ट्रीय परिषद भरवायची आहे, सुरुवात कुठून करावी?

सभागृह नंतर बघा, आधी माणसं जमवा. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान विद्यापीठाबाहेर नेण्याचा हा विषय. व्यासपीठावर नुसते प्राध्यापकच बसले तर परिषद तिथेच फसली. ग्रंथपाल, संग्रहालयांतले लोक, मौखिक इतिहास गोळा करणारे गट यांना आखणीच्या पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. त्यांचा प्रवासखर्च आधी बाजूला काढा, कारण बऱ्याचदा तो देणारी संस्था त्यांच्यामागे नसते.

पैसा एकाच दारातून आणू नका. अमेरिकेतल्या राज्यांच्या आणि प्रदेशांच्या ५६ मानव्यविद्या मंडळांना १९६५ साली स्थापन झालेल्या तिथल्या केंद्र सरकारच्या अनुदान-संस्थेचा मोठा आधार होता; एप्रिल २०२५मध्ये ती अनुदानं अचानक रद्द झाली.

निबंधवाचन कमीच ठेवा. जेवणानंतर तर (अनुभवाने सांगतो) कोणी ऐकत नाही.